पेन्शन आल्यावर कॉलेजात: फौजी विद्यार्थ्यासाठी कामाच्या गोष्टी

सतरा, वीस, चोवीस वर्षं नोकरी करून जवान घरी येतो तेव्हा त्याचं वय असतं अडतीस ते बेचाळीस. गावात सगळे ‘मेजर’ म्हणून हाक मारतात, सत्कार होतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत घरचे विचारू लागतात, आता पुढं काय? कुणी मेस्कोमार्फत (माजी सैनिकांचं राज्य महामंडळ) सिक्युरिटीची नोकरी धरतो, कुणी डीएससीत (लष्करी ठाण्यांची राखण करणारं डिफेन्स सिक्युरिटी कोअर) पुन्हा भरती होतो, कुणी शेतीत लक्ष घालतो. मी सांगतोय तो रस्ता वेगळा आहे. कॉलेजात रीतसर नाव घालायचं आणि अठरा-वीस वर्षांच्या पोरापोरींच्या शेजारी बाकावर बसून शिकायचं.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शन आलो. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. केलं, मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.ए. आता आजूबाजूच्या गावांतून पेन्शन आलेली मुलं (माझ्यासाठी ती मुलंच) विचारायला येतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. नियम विद्यापीठागणिक थोडे बदलतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी आपल्या कॉलेजच्या ऑफिसात एकदा विचारून घ्या. पण फौजी माणूस कुठं अडतो, ती ठिकाणं सगळीकडं तीच आहेत.

कागद

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकतो, कारण त्यात लोकांची वर्षं जातात. पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला रेकॉर्ड ऑफिसकडून (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं लष्करी कार्यालय) पदवी-समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. आपण त्याला ‘ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट’ म्हणतो. त्याचा आधार केंद्र सरकारचा १९८६ चा आदेश आहे आणि तो ठरावीक सरकारी नोकऱ्यांपुरता आहे. ‘क’ गटाच्या जागांसाठी ते दाखवता येतं. ती पदवी नाही. ते घेऊन एम.ए.ला, लॉला किंवा बी.एड.ला गेलात तर कारकून ते परत तुमच्या हातात देईल, आणि त्याचं बरोबरच असेल. पुढचं शिक्षण हवं असेल तर बी.ए., बी.कॉम. पहिल्यापासून करावं लागतं. हे ऐकून काही जण तिथंच उठून जातात. मी त्यांना थांबवतो आणि सांगतो की तीन वर्षं तशीही जाणारच आहेत.

बारावी झालेली नसेल तर आधी ती करा. आपल्यातले कितीतरी जण दहावीवर जनरल ड्यूटीला भरती झालेले असतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, बारावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेते, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. ते प्रमाणपत्र महाराष्ट्रातल्या कॉलेजांना चालतं, फक्त सोबत मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. नोकरीत असताना कुणा एजंटाकडून भलत्याच बोर्डाचं बारावीचं सर्टिफिकेट घेतलेलं असेल, तर ते बोर्ड खरोखर मान्य आहे का हे प्रवेशाआधी तपासा. विद्यापीठांच्या बाबतीत यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, बनावट विद्यापीठांची यादी आपल्या संकेतस्थळावर लावते, तीही बघून घ्या. पैसे गेल्याचं दुःख एकवेळ पचतं. दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाच्या पात्रता विभागानं प्रवेश रद्द केला, तर ते पचत नाही.

आता बाकीची फाईल. दहावी-बारावीची मार्कशीटं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि गॅप सर्टिफिकेट. वीस वर्षांपूर्वीचा दाखला भरतीच्या धावपळीत हरवलेला असतो. ज्या कॉलेजात बारावी केली तिथं जा. जनरल रजिस्टरला तुमची नोंद असतेच. जुना क्रमांक शोधायला शिपाईमामाला एक दिवस लागतो, एवढंच. मार्कशीट हरवलं असेल तर दुय्यम प्रत विभागीय मंडळ देतं. सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचं मंडळ कोल्हापूरला आहे. गॅप सर्टिफिकेट म्हणजे मधली वर्षं कुठं होतात याचं प्रतिज्ञापत्र. त्याला डिस्चार्ज बुकाची (फौजेतून सुटताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) झेरॉक्स जोडली की सगळी वर्षं एका कागदात भरून निघतात. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवा, साक्षांकित प्रत द्या आणि मूळ घरी आणा.

नावाचा घोळ आत्ताच मिटवा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, रेकॉर्डला कधी वडिलांचं नावच नसतं, तर कधी स्पेलिंग वेगळं. आधारवर तिसराच प्रकार. आता प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये उघडतात, ते आधारला जोडलेलं असतं आणि मिळवलेले क्रेडिट तिथं जमा होतात. विद्यापीठ दहावीचं नाव धरून चालतं. म्हणून आधार दहावीप्रमाणे करून घ्या. मात्र पेन्शनच्या कागदात, म्हणजे पीपीओत (पेन्शनचा आदेश) आणि स्पर्शवर (फौजी पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था), वेगळं नाव असेल तर आधारला हात लावण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. नाहीतर कॉलेज सुरळीत होईल आणि पेन्शन अडकेल.

त्या कार्यालयात तसंही जायचंच आहे, माजी सैनिक ओळखपत्र तिथूनच मिळतं. पण तिथं स्वतःसाठी शिष्यवृत्ती मागायला जाणाऱ्यांची निराशा होते. केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलामुलींना आणि विधवांना आहे, व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, मुलींना दरमहा ३००० आणि मुलांना २५०० रुपये. बारावीला किमान ६० टक्के लागतात. इंजिनिअरिंगच्या प्रवेशातला डिफेन्स कोटाही फौजींच्या मुलामुलींसाठीच. तुमची मुलगी बारावीला असेल तर त्याच फेरीत तिचं काम करून या. स्वतःची फी मात्र बहुतेकदा पेन्शनमधूनच भरावी लागते, आणि अनुदानित कॉलेजात कला-वाणिज्य शाखेची फी पेन्शनमधून झेपते.

वयाची चिंता सोडा. बी.ए., बी.कॉम., एम.ए. यांना वरची वयोमर्यादा नसते.

बाहेरून की वर्गात बसून

रात्रपाळीची नोकरी असेल, आई-वडील अंथरुणाला खिळलेले असतील, किंवा अजून नोकरीत असाल आणि पोस्टिंग बदलत असेल, तर बाहेरूनच करा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे, पुस्तकं मराठीतून देतं आणि अभ्यासकेंद्रं तालुक्यापर्यंत आहेत. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, देशभर आहे, त्याच्या सत्र परीक्षा जून आणि डिसेंबरला होतात आणि बदली झाली तर परीक्षा केंद्र बदलता येतं. नोकरीतल्या माणसाला तेच सोयीचं. फक्त युनिटची परवानगी घेऊन ठेवा आणि ती पार्ट टू ऑर्डरसारखी (सेवेतल्या नोंदींचा अधिकृत आदेश) जपा. पदवी लागली की रेकॉर्डला नोंद करून घ्यायला तो कागद लागतो.

पण जमत असेल तर वर्गात बसा, असं माझं ठाम मत आहे. पदवीचा कागद दोन्हीकडं सारखाच. फरक माणसात पडतो. फौजेत आपण वीस वर्षं अशा माणसांत राहिलो ज्यांचं खाणं, झोपणं, बोलणं, सुट्टी, सगळं एका साच्यातलं होतं. गावी आल्यावर आपण पुन्हा फौजींच्याच घोळक्यात बसतो, कँटीनच्या रांगेत, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) दवाखान्यातल्या बाकावर, संध्याकाळी पारावर. कॉलेजचा वर्ग ही पहिली जागा असते जिथं आपल्यापेक्षा अगदी वेगळ्या लोकांबरोबर रोज बसावं लागतं. तिथं ऊसतोड कामगाराची मुलगी असते, सराफाचा मुलगा असतो, लग्न ठरलंय म्हणून घाईत शिकणारी असते, कॉम्प्युटरवर दहा बोटं चालवणारा असतो. आपण ज्यांच्यासाठी सीमेवर होतो म्हणतो ते हेच लोक. त्यांची ओळख बाहेरून करून होत नाही.

पहिलं सत्र

तास अकराला म्हटला की फौजी पावणेअकराला बाकावर असतो. पोरं अकरा दहाला येतात, कधी सरच मिटिंगमध्ये अडकतात, कधी तास ऑफ होतो आणि कुणी सांगतही नाही. याचा राग येणारच. तो राग चेहऱ्यावर येऊ देऊ नका आणि शिकवू नका. पहिलं सत्र फक्त बघा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर घाला, कारण नोटिसबोर्डवर लागण्याआधी बातमी तिथं येते. वर्गप्रतिनिधी कोण आहे ते बघून ठेवा. ऑफिसातला प्रवेशाचा टेबल, परीक्षेचा टेबल, ग्रंथालयाचा काउंटर, या तीन ठिकाणच्या माणसांशी आधी ओळख करा. युनिटमध्ये क्लार्क आणि क्वार्टर मास्टरशी असायची तशी.

बोली शिकून घ्या. पीआरएन म्हणजे तुमचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, आर्मी नंबरसारखाच पाठ करा. ‘इंटर्नल’ म्हणजे कॉलेजनं द्यायचे अंतर्गत गुण, ‘सबमिशन’ म्हणजे लेखी काम जमा करायची तारीख, ‘एटीकेटी’ म्हणजे एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा. क्रेडिटचा हिशोब सोपा आहे. साधारण पंधरा तासांच्या शिकवण्याला एक क्रेडिट, म्हणजे चार क्रेडिटचा विषय साठ तासांचा. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर भाषा, कौशल्य, भारतीय ज्ञान परंपरा असे छोटे छोटे विषय येतात. फौजी माणूस मुख्य विषयाला जीव लावतो आणि दोन क्रेडिटच्या विषयाकडं काणाडोळा करतो. एटीकेटी लागते ती नेमकी तिथं. एक वर्ष करून सोडावं लागलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, अशी बाहेर पडायची सोय आता असते, आणि केलेले क्रेडिट बँकेत राहतात. घरची अडचण आली तर कॉलेजला न सांगता गायब होऊ नका, लेखी अर्ज देऊन ही सोय वापरा. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते. ती आपल्याला जड नाही.

कान. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. फायरिंग रेंजवर आणि तोफखान्यात वर्षं काढलेल्यांना वरच्या पट्टीतलं ऐकू कमी येतं. मागच्या बाकावरून मॅडमचं बोलणं अर्धंच कळतं आणि माणूस समजतो की आपलं डोकंच चालत नाही. माझ्याबरोबर तोफखान्यातून आलेला एक जण याच कारणानं पहिल्या सत्रात कॉलेज सोडायला निघाला होता. ईसीएचएसमध्ये कानाची तपासणी करून घ्या, यंत्र लागलं तर तिथून मिळतं, आणि पुढच्या बाकावर बसा. चाळिशीचा चष्माही त्याच फेरीत करून घ्या.

शिकवणारे सर-मॅडम तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. त्यांना सर आणि मॅडमच म्हणायचं, ते वर्गात आले की उठायचं, पण सावधानमध्ये नाही. काही तरुण प्राध्यापकांना आपल्यासमोर शिकवताना संकोच वाटतो. पहिल्या आठवड्यात तास संपल्यावर जाऊन एवढंच सांगा की मी विद्यार्थी म्हणून आलोय, चुकलो तर सगळ्यांसमोर सांगा. त्यांचा जीव भांड्यात पडतो. पोरं ‘काका’ म्हणतील, ‘मेजर’ म्हणतील, एखादा ‘दादा’ म्हणेल. ज्याला जे सोपं जाईल ते म्हणू द्या. फॉर्मवर आणि हजेरीपटावर मात्र नुसतं नाव, हुद्दा नाही.

कोई शक?

प्रत्येक फौजीला हे माहीत आहे. उस्ताद शस्त्राचा धडा शिकवतो, शेवटी विचारतो, “कोई शक?” आणि सगळी प्लाटून एका आवाजात म्हणते, “नहीं, उस्ताद!” शंका असली तरी उत्तर तेच. रेंजवर ते बरोबरच आहे. तिथं हात आधी चालला पाहिजे, कारण नंतर कळलं तरी चालतं. विद्यापीठात नेमकं उलटं आहे. इथं शंका हेच काम आहे, आणि ज्याला शंका नाही त्यानं वाचलेलं नाही असं धरतात.

मला हे कसं कळलं ते सांगतो. आमच्या साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, सरकारी कागदातही ‘अपशिंगे (मिलिटरी)’ असंच लिहितात. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले. या भागात अनेक गावांत इंग्रजांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. लहानपणापासून त्या पाट्या बघत आलो आणि त्यांना सॅल्यूट केला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पात मी हाच विषय घेतला आणि अभिमानानं चार पानं लिहून नेली. मॅडमनी ती वाचली आणि शांतपणे प्रश्न विचारले. याच गावांतून एवढी भरती का झाली? त्या साली पाऊस कसा होता? शिपायाचा पगार आणि शेतमजुराची मजुरी यात फरक किती होता? कुठल्या जातींना भरतीत घेत होते आणि कुणाला नाकारत होते? जे परत आले नाहीत त्यांच्या बायकांचं पुढं काय झालं?

एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि मी त्याच परंपरेत वीस वर्षं काढली होती. मग गॅझेटिअर वाचलं, जुन्या लोकांना भेटलो, महार रेजिमेंटचा इतिहास वाचला तेव्हा कळलं की एका काळी ज्यांना सैन्यात घेतलं त्यांनाच पुढं भरती बंद केली आणि महायुद्धात गरज पडल्यावर दार पुन्हा उघडलं. रेजिमेंटवरचं प्रेम यानं कमी झालं नाही, उलट ते डोळस झालं. यासाठीच वर्गात बसा म्हणतो. जे आपण जगलो, पण ज्याच्याबद्दल कधी ‘का’ विचारलं नाही, ते विचारायची हक्काची जागा हीच.

तेव्हा सवय लावायला एक साधी गोष्ट करा. प्रत्येक तासाला वहीच्या डाव्या पानावर एक प्रश्न लिहायचा. विचारला नाही तरी चालेल, पण लिहायचाच. महिन्याभरात आपोआप हात वर जायला लागतो. मात्र हात वर केल्यावर प्रश्नच विचारा. “आमच्या युनिटमध्ये असं होतं” म्हणून सुरू झालेलं बोलणं तास खाऊन टाकतं, आणि मागची पोरं मोबाईल काढतात. अनुभव सांगायचा तो विषयाला जोडून, दोन वाक्यांत.

लिहिण्याचा हात

अभ्यासात खरी दमछाक होते ती लिहिताना. वीस वर्षं आपण हिंदीत बोललो, अर्ज रोमन लिपीतल्या हिंदीत लिहिले, घरी फोनवर मराठी. त्यामुळं उत्तर लिहायला बसलं की ‘इसलिए’चं ‘यासाठी की’ होतं, काना-मात्रा हरवतात, आणि वाक्यं ऑर्डरसारखी तुटक येतात. पॉइंट एक, पॉइंट दोन. विद्यापीठाच्या उत्तरात नुसते मुद्दे चालत नाहीत. एका मुद्द्यातून दुसरा कसा निघतो ते दाखवावं लागतं.

यावर उपाय रोजचा आहे. सकाळी पीटीच्या वेळेला उठायची सवय सुटत नाहीच, तो तास लिहिण्याला द्या. मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचा, पेपर मिटा आणि त्यातलं म्हणणं स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहा. मग उघडून ताडून बघा. पहिल्या काही आठवड्यांत हात दुखेल, कारण आपण इतकं सलग लिहिलेलंच नसतं. परीक्षेआधी घड्याळ लावून दोन जुन्या प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवा. त्या ग्रंथालयात मिळतात. आपल्याला ग्रंथालयाचं मोल सगळ्यात आधी कळावं. रात्री उशिरापर्यंत शांत, उजेडाची, पंख्याची जागा फुकट मिळते, आणि तिथं कुणी ‘मेजर, एक काम होतं’ म्हणून उठवायला येत नाही. कोल्हापूरला असताना विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसलेल्या संध्याकाळी मला अजून आठवतात. गावात असाल तर निदान घरात एक टेबल, एक दिवा आणि दोन तास ठरवून घ्या. घरच्यांशी हे बोलून ठरवा. आपण नोकरीत असताना बायकोनं एकटीनं घर, शेत, मुलांची शाळा ओढलेली असते. ती आपण परत येण्याची वाट बघत होती, आपण पुस्तकात तोंड घालण्याची नाही. तिलाही काही शिकायचं राहिलं असेल तर आधी तिला विचारा. दोघांनी एका वर्षी फॉर्म भरलेली घरं मी बघितली आहेत, आणि त्या घरातली मुलं अभ्यासाला बसवावी लागत नाहीत.

कॉलेज तुम्हाला काय बनवू पाहतं

तुम्ही फौजी आहात हे कळलं की शिस्तीची सगळी कामं तुमच्याकडं येतात. पंधरा ऑगस्टची परेड, गॅदरिंगला गेटवर उभं राहणं, ‘जरा या पोरांना दोन शब्द सुनवा’. प्रेमानंच सांगतात. ध्वजवंदनाला मदत जरूर करा, त्यात आनंदच आहे. पण पोरांवर लक्ष ठेवायचं काम नम्रपणे नाकारा. एकदा का तुम्ही ऑफिसचे डोळे झालात की वर्गातली पोरं तुमच्यासमोर गप्प होतात, आणि ज्यासाठी वर्गात बसलो ते संपतं. तुम्ही फी भरलेले विद्यार्थी आहात. शिस्त लावायला कॉलेजकडं पगारी माणसं आहेत.

एनसीसीच्या खोलीत मात्र चक्कर मारा. तिथले पीआय स्टाफ, म्हणजे कवायत शिकवणारे, नोकरीतले हवालदार-सुभेदार असतात, आपलीच माणसं. चहा होतो, दोन शब्द आपल्या भाषेत बोलता येतात. घरापासून लांब शिकायला गेलेल्याला याचा फार आधार वाटतो.

भरतीची तयारी करणारी पोरं तुम्हाला शोधत येणारच. आता आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग मैदान असा क्रम झालाय, त्यामुळं नुसतं १६०० मीटर पळवून भागत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. आठवड्यातल्या दोन सकाळी त्यांना द्या, जास्त नको. आणि त्यांना कॉलेज सोडू देऊ नका. भरती नाही झाली तर हाताशी काय, हा प्रश्न त्यांच्या आईबापांना पडलेला असतो, आणि तुमचं ऐकतील तेवढं ती पोरं कुणाचंच ऐकणार नाहीत.

गटप्रकल्पात आपला हात आपोआप कमांडकडं जातो. कामं वाटून द्यावीत, वेळ ठरवावी, उशीर करणाऱ्याला विचारावं. हे थांबवा. वीस वर्षांच्या मुलीला प्रमुख होऊ द्या आणि तिनं दिलेलं काम वेळेत पुरं करा. तिला प्रमुखपण शिकायला मिळतं, तुम्हाला पीपीटी शिकायला मिळते, आणि देवाणघेवाण बरोबरीची राहते.

नोकरीत असलेल्यांसाठी एक सूचना. विद्यार्थी संघटना, मोर्चे, सह्यांची मोहीम यांपासून लांबच राहावं लागतं, सेवेचे नियम तसे आहेत. पेन्शन आल्यावर ते बंधन उरत नाही. तुम्ही नागरिक आहात, मत मांडा, सभेला जा. फक्त रेजिमेंटचं नाव आणि युनिफॉर्म त्यात ओढू नका.

तो प्रश्न

कधी ना कधी कुणीतरी विचारणार, “काका, तुम्ही किती जणांना मारलं?” पोर निरागस असतं, सिनेमा बघून विचारतं. रागावू नका आणि रंगवूनही सांगू नका. मी म्हणतो, “ते बोलायचं नसतं बाळा, पण तिथली थंडी कशी असते ते विचार.” मग बर्फातल्या पोस्टवर रॉकेलची शेगडी कशी जपतात, चिठ्ठी किती दिवसांनी यायची, लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, सणाला काय व्हायचं, हे सांगतो. जागा, तारखा, युनिटची हालचाल, सामान यांबद्दल बोलायचं नाही, पेन्शन आल्यावरही नाही. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे आणि तो निवृत्त माणसालाही लागू आहे. प्रकल्पात किंवा भाषणात फौजेबद्दल लिहाल तेव्हा छापलेल्या, जाहीर पुस्तकांतलंच घ्या.

काही जणांना मात्र तो प्रश्न आत कुठंतरी लागतो. गॅदरिंगच्या स्पीकरचा दणका, दिवाळीचे फटाके, मागून अचानक खांद्यावर पडलेला हात, यानं छाती धडधडते, रात्री झोप येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायची इच्छा होत नाही. असं होत असेल तर ते मनाच्या कमजोरीचं लक्षण समजू नका. शरीर अजून ड्यूटीवर आहे, त्याला उतरायला मदत लागते. वर्गात भिंतीला पाठ लागेल आणि दार दिसेल अशी जागा घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि सैन्यातल्यांसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्यात एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालाय. ईसीएचएसमधून मनोविकारतज्ज्ञाकडं चिठ्ठी मिळते. हे मी ठासून सांगतो, कारण आपल्या पारावर गुडघेदुखीवर तासभर बोलणं होतं आणि यावर एक शब्द निघत नाही.

अग्निवीर मुलांसाठी

वरचं बरंचसं पेन्शन येणाऱ्यांसाठी आहे. अग्निवीरांचं गणित वेगळं आहे, आणि त्यांच्यासाठी कॉलेज जास्तच गरजेचं आहे. ज्या अग्निपथ योजनेत त्यांची भरती होते ती जून २०२२ मध्ये जाहीर झाली. चार वर्षं सेवा, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढं कायम ठेवायचं, बाकीचे बावीस-पंचविशीत घरी. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणून ओळखपत्र, कँटीन, ईसीएचएस यातलं काही धरून चालू नका. मिळतो तो सेवानिधी, व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये. बुलेट आणि घराची स्लॅब यात तो एका वर्षात संपतो. त्यातली तीन वर्षांची फी, खोलीभाडं आणि मेसचे पैसे आधी मुदत ठेवीत बाजूला टाका, मग उरलेल्याचं काय ते ठरवा.

शिक्षणाची सोय मात्र योजनेच्या सुरुवातीलाच जाहीर झालेली आहे. दहावीवर गेलेल्यांना एनआयओएसमार्फत बारावी, आणि इग्नूची खास तीन वर्षांची पदवी, जिच्यात निम्मे क्रेडिट सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे धरले जातात आणि निम्मे भाषा, इतिहास, पर्यटन, शेती अशा विषयांतून मिळवायचे असतात. हे आपोआप होत नाही. सेवेत असतानाच युनिटमधल्या एज्युकेशन उस्तादांना गाठा, नाव नोंदवा, आणि केलेल्या प्रत्येक कोर्सचा, केडरचा (युनिटमधला प्रशिक्षणवर्ग), ड्रायव्हिंगचा, सिग्नलचा, वैद्यकीय मदतनीसाचा कागद स्वतःजवळ ठेवा. स्कॅन करून डिजिलॉकरसारख्या ठिकाणी ठेवलात तर आणखी बरं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं सुट्टीत घरी आल्यावर दहा मिनिटांत उघडता येतं. रिलीजच्या आधी सहा महिने कॉलेज ठरवा, कारण पदवीचे प्रवेश बारावीच्या निकालानंतर जून-जुलैत होतात. जानेवारीत बाहेर पडलेला मुलगा पाच महिने मोकळा बसला की कुठल्यातरी गोडाऊनवर गार्ड म्हणून लागतो आणि तिथंच राहतो. ते पाच महिने आधीच भरून ठेवा. टायपिंग, एमएस-सीआयटी, इंग्रजी, मराठी लिहिण्याचा हात, जे कच्चं असेल ते. प्रवेशाच्या दिवशी एकटे जाऊ नका. तुमच्याच तालुक्यात वर्गात बसून शिकलेला कुणीतरी फौजी असतो, त्याला बरोबर न्या. कारकुनानं कुठला कागद मागितला तर तो कुठं मिळतो हे त्याला माहीत असतं.